शिखर पंधरा : उंची कुणी काढली आणि कशी काढली?

मोजणीदार (धागालेखक)

हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यातले गणक (मोजणीचे हिशोब करणारे) राधानाथ सिकदर यांच्याबद्दलचा एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागतो. 1852 साली ते धावत साहेबाच्या खोलीत शिरले, जगातलं सर्वांत उंच शिखर सापडल्याची बातमी दिली आणि साहेबाने श्रेय लाटून शिखराला (खात्याच्या नोंदींतलं 'शिखर पंधरा', आजचं माउंट एव्हरेस्ट) स्वतःचं नाव चिकटवलं. पण गोष्टीतले हे साहेब, म्हणजे खात्याचे आधीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट, 1843 मध्येच निवृत्त होऊन इंग्लंडला परतले होते. 1852 मध्ये सर्व्हेअर जनरल, म्हणजे खात्याचे प्रमुख, होते अँड्र्यू वॉ, त्यांचं ठाणं डेहराडूनला, आणि सिकदर 1849 पासून कलकत्त्याच्या कचेरीत मुख्य गणक. धावत शिरायची खोली शेकडो कोसांवर होती.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. या गोष्टीत सिकदरांचं काम कुठेच दिसत नाही. शिखराची उंची वाटेत सापडत नाही, ती काढावी लागते. ज्या देशात पाय ठेवायला परवानगी नाही (नेपाळची हद्द तेव्हा बंद होती) तिथल्या शिखराची उंची शंभर मैलांवरून काढायची, तर त्यामागे पन्नास वर्षांची साखळी लागते. अगदी शब्दशः साखळी. म्हणून हा धागा ही मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनपासून सुरू करतो.

10 एप्रिल 1802 ला लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी आधाररेषा (जी जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची आणि जिच्यावर पुढचे त्रिकोण रचायचे ती रेषा) मोजायला घेतली. लांबी सुमारे साडेसात मैल. साखळी 100 फुटांची, पोलादाची, अडीच-अडीच फुटांच्या 40 कड्या. म्हणजे साखळी साधारण 400 वेळा टाकायची. पण जमिनीवर नाही. तिपायांवर लाकडी पन्हळी मांडून, त्या स्क्रूने एका पातळीत आणून, त्यात साखळी पसरायची, ठरलेल्या वजनाने ताणायची, वर तंबूची सावली धरायची आणि दर वेळी तापमापक वाचायचे.

तापमापक कशाला? पोलाद एका अंश सेल्सिअसला दर मीटरमागे 11-12 मायक्रोमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण साखळीचं तापमान सरसकट एका अंशाने चुकीचं धरलं, तर साडेसात मैलांत सुमारे 14 सेंटीमीटरची चूक बसते. पुढचे सगळे त्रिकोण याच रेषेवर उभे राहणार, त्यामुळे ती चूक त्याच प्रमाणात दिल्लीपर्यंत जाते. दुसरा धोका कड्यांच्या सांध्यांचा. ते झिजतात आणि साखळी हळूहळू लांब होते. त्यासाठी दुसरी साखळी न वापरता जपून ठेवलेली होती, आणि कामाची साखळी तिच्याशी ताडून पाहत.

एकदा एक बाजू मिळाली की पुढे फक्त कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिन्ही कोन माहीत असले की साइन सूत्राने उरलेल्या दोन बाजू येतात, त्यातली एक पुढच्या त्रिकोणाची पाया बनते. दर काही शे मैलांवर पुन्हा नवी आधाररेषा प्रत्यक्ष मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी जुळते का पाहायचं. कन्याकुमारीपासून मसुरीजवळच्या बनोगपर्यंतचा 78 रेखांशालगतचा 'महाकंस' असाच पुढे सरकला.

लॅम्बटन जानेवारी 1823 मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. वीस वर्षं एकच काम, आणि नकाशावर त्यांच्या नावाचं एकही शिखर नाही.

---

निळावंती

उत्तम धागा. तंजावरचा प्रसंग इथे यायलाच हवा, कारण लॅम्बटन काय चीज होते हे त्यातून नेमकं कळतं.

त्यांचा मोठा थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला. आडवं वर्तुळ 36 इंच व्यासाचं, एकूण वजन सुमारे अर्धा टन. हिंदुस्थानात येतानाच तो फ्रेंच युद्धनौकेच्या हाती लागला, मॉरिशसला गेला आणि तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने शास्त्रीय उपकरण म्हणून पुढे मद्रासला धाडून दिला. 1808 मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर तो चढवताना, भिंतीपासून दूर धरणारा दोर तुटला आणि यंत्र दगडी भिंतीवर आदळलं. वर्तुळाचा आकारच बिघडला.

आता हे नुकसान समजून घ्या. कोन वाचतात ते वर्तुळाच्या कडेवर कोरलेल्या रेघांवरून. वर्तुळ एका बाजूने दबलं की तिथल्या रेघा जवळ येतात, दुसऱ्या बाजूच्या फाकतात. 36 इंची वर्तुळावर एक सेकंद कोन (अंशाचा 3,600 वा भाग) म्हणजे कडेवर जेमतेम 2 मायक्रोमीटर. डोळ्याला न दिसणारा वाकही घातक. लॅम्बटनने स्वतःला तंबूत कोंडून घेतलं, आणि पाचरी, स्क्रू आणि कप्प्या वापरून दबलेली कड सहा आठवडे थोडी थोडी बाहेर ओढून पुन्हा गोल केली. तेच यंत्र पुढे कित्येक वर्षं चाललं.

डोंगर नसलेल्या सपाट मुलखात देवळांची शिखरं हाच त्यांचा आधार होता, म्हणून यंत्र देवळावर.

---

दशांश

मोजणीदार, 'आधी 29,000 फूट आलं होतं, कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून 2 फूट वाढवून 29,002 केलं', या दुसऱ्या दंतकथेचाही निकाल लावून टाकू. त्यासाठी मूळ आकडे पुरेसे आहेत.

शिखर पंधराचे निर्णायक वेध जेम्स निकल्सन यांनी 1849-50 मध्ये घेतले, 24 इंची थिओडोलाइटने, बिहारच्या सपाटीवरच्या सहा ठाण्यांवरून. शिखर ठाण्यांपासून 108 ते 119 मैल दूर. प्रत्येक ठाण्यावरून आलेली उंची अशी: जरोल 28,991.6 फूट, मिर्झापूर 29,005.3, जंजीपती 29,001.8, लदनिया 28,998.6, हरपूर 29,026.1, मिनाई 28,990.4. (हे मिर्झापूर म्हणजे गंगेकाठचं प्रसिद्ध शहर नव्हे.)

बेरीज 1,74,013.8. सहाने भागा: 29,002.3.

झालं. दोन फूट कुणी चिकटवलेले नाहीत, ते सरासरीतून आले आहेत. मला यात आणखी महत्त्वाचं वाटतं ते सहा आकड्यांमधलं अंतर. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात 35.7 फुटांचा फरक आहे. इतक्या लांबून सहा वेगवेगळ्या जागांवरून पाहून 36 फुटांच्या आत राहणं ही कामगिरी आहे, आणि त्याच वेळी 'अमुक फूट दोन इंच' असं म्हणण्याची सोय नाही हेही त्यातच दिसतं.

---

ओळंबा

दशांश यांच्या आकड्यांत एक खोच आहे. सहाही आकडे आपापसांत जुळले म्हणून ते बरोबर ठरत नाहीत, कारण सहाही ठिकाणी एकच चूक असू शकते. ती चूक होती वक्रीभवनाची, म्हणजे हवेतून येताना प्रकाश वाकण्याची. सिकदर आणि वॉ यांची खरी डोकेदुखी हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा ठाणं शिखरापासून 110 मैलांवर, म्हणजे 177 किलोमीटरवर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात जमीन आडव्या रेषेखाली किती जाते? अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीचा व्यास: सुमारे 2.46 किलोमीटर. म्हणजे पर्वताचा 8,000 फुटांहून जास्त भाग नजरेच्या रेषेखाली बुडालेला असतो आणि तो गणितात परत मिळवायचा असतो. उलट हवेमुळे प्रकाश वाकत येतो आणि शिखर आहे त्याहून वर दिसतं. हे वाकणं वक्रतेच्या साधारण एक सप्तमांश, म्हणजे सुमारे 350 मीटर. एवढं वजा करायचं.

वक्रता हा भूमितीचा भाग, तिचा आकडा नक्की. वक्रीभवन हवेच्या दाबावर, तापमानावर आणि उंचीनुसार तापमान कसं उतरतं त्यावर ठरतं. त्या काळी त्याचा गुणांक पृथ्वीच्या मध्याशी होणाऱ्या कोनाच्या अपूर्णांकात मांडत, साधारण 0.07 ते 0.08. आता गुणांक 0.075 ऐवजी 0.065 धरून बघा. 177 किलोमीटरला तेवढ्याने उंचीत सुमारे 49 मीटर, म्हणजे 160 फूट फरक पडतो. तुलनेसाठी: यंत्र वाचताना एका सेकंदाची चूक झाली तर याच अंतरावर फक्त 86 सेंटीमीटर. यंत्र कितीही चांगलं असो, जिंकते ती हवा.

म्हणून दोन नियम पाळत. पहिला, उंचीसाठीचे उभे कोन दुपारनंतर घ्यायचे, जेव्हा वक्रीभवन सर्वांत कमी आणि सर्वांत स्थिर असतं. सकाळी-संध्याकाळी जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि गुणांक भरकटतो. दुसरा, दोन ठाण्यांवरून एकमेकांकडे समोरासमोर उभे कोन घेऊन प्रत्यक्षातला गुणांक काढायचा, कारण दोन्हीकडचं वक्रीभवन सारखं धरलं की ते समीकरणात वेगळं निघतं. अडचण अशी की शिखरावर कुणी जाऊन उलटा कोन घेऊ शकत नव्हतं. सपाटीवरच्या दोन ठाण्यांमधला गुणांक 29,000 फुटांवर जाणाऱ्या किरणाला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण वरची हवा विरळ आणि थंड. पन्नास मैलांचा अनुभव शंभर मैलांना कसा लावायचा, हा गणकाचा प्रश्न होता. पहिले आकडे 1852 च्या सुमारास आले तरी वॉ यांनी अधिकृत पत्र 1856 मध्ये पाठवलं, ते उगाच नाही.

त्यांनी गुणांक थोडा जास्तच धरला हे पुढे कळलं. 1905 मध्ये सुधारित गुणांकाने 29,141 फूट आले. म्हणजे जुना आकडा जवळपास 140 फुटांनी कमी? तसंही नाही. पर्वताच्या वस्तुमानाने समुद्रपातळीचा पृष्ठभागच त्याच्याखाली वर उचललेला असतो, आणि उंची मोजायची ती त्या पृष्ठभागापासून. तो फुगवटा वजा केला की आकडा पुन्हा खाली येतो. 1955 मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने नेपाळमधल्या जवळच्या ठाण्यांचे वेध घेऊन 8,848 मीटर काढली, आणि 2020 मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून 8,848.86 जाहीर केली. 29,002 फूट म्हणजे 8,840 मीटर. दोन चुका विरुद्ध दिशेच्या होत्या म्हणून फरक नऊच मीटरचा राहिला.

---

पानगळ

ओळंबा, हे वाचून एक प्रश्न. उभी दिशा दाखवणारी ओळंब्याची दोरी पर्वताकडे ओढली जाते हे त्यांना ठाऊक होतं का? पातळी दाखवणारा बुडबुडासुद्धा त्याच ओढीने फसणार ना?

---

ओळंबा

ठाऊक होतं, आणि त्यातूनच एक वेगळं शास्त्र जन्माला आलं.

सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना ही महाकंसावरची दोन ठाणी. त्यांच्या अक्षांशांतला फरक त्रिकोणांनी मोजला तर 5 अंश 23 मिनिटं 42.294 सेकंद, आणि ताऱ्यांच्या वेधांनी (यात उभी दिशा ओळंब्यावरून धरतात) 5 अंश 23 मिनिटं 37.058 सेकंद. तफावत 5.236 सेकंद, जमिनीवर सुमारे 160 मीटर. एव्हरेस्ट यांनी ही तफावत समायोजनाने जाळ्यात वाटून टाकली. कलकत्त्याचे आर्चडीकन (चर्चमधले अधिकारी) जॉन प्रॅट यांनी मात्र हिमालयाचं वस्तुमान धरून आकर्षण मोजलं, तर तफावत 15.885 सेकंद यायला हवी होती. म्हणजे प्रश्न उलटाच झाला: ओळंबा वाकला का, याऐवजी इतका कमी का वाकला? 1855 मध्ये जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं की पर्वतांना खाली हलक्या खडकाची मुळं असतात, जसा पाण्यात हिमखंड. प्रॅट यांनी वेगळं स्पष्टीकरण मांडलं. भूकवचाच्या समतोलाची पुढची सगळी चर्चा या 5.236 सेकंदांपासून निघाली आहे.

---

मोजणीदार

एव्हरेस्ट यांच्याबद्दलही न्यायाने लिहायला हवं. स्वभाव अत्यंत तापट, हाताखालच्यांना छळणारा, पण मोजणीच्या पद्धतीत त्यांनी जे बदल केले त्यांच्याशिवाय हिमालयापर्यंतचे त्रिकोण टिकले नसते.

पहिला बदल साखळीऐवजी पट्ट्या. 1830 मध्ये परत येताना त्यांनी थॉमस कोल्बी यांच्या रचनेच्या सहा जोडपट्ट्या आणल्या. पितळ आणि लोखंड यांच्या सुमारे दहा फुटी दोन पट्ट्या समांतर, मध्यभागी घट्ट जोडलेल्या, दोन्ही टोकांना आडवी जीभ. पितळ लोखंडापेक्षा जास्त वाढतं, प्रमाण साधारण 5 ला 3. तापल्यावर जीभ तिरकी होते. जिभेवर असा एक बिंदू असतो की तिच्या तिरकेपणाने पट्टीची वाढ नेमकी फिटते. दोन टोकांच्या अशा दोन बिंदूंमधलं अंतर तापमान काहीही असो, दहा फूटच. दोन पट्ट्यांमध्ये सहा इंचांची फट सोडायची आणि ती सूक्ष्मदर्शकांनी धरायची, म्हणजे पट्ट्या एकमेकींना टेकून धक्का बसत नाही. सहा पट्ट्यांचा एक संच 63 फुटांचा.

बिघडतं कुठे? पितळ आणि लोखंड एकाच वेगाने तापत नाहीत. ऊन अचानक पडलं तर एक धातू पुढे, दुसरा मागे, आणि तेवढा वेळ भरपाई खोटी. म्हणून पृष्ठभागांवर वेगवेगळे लेप देऊन उष्णता सारखी शोषली जाईल असं पाहत. तरीही कलकत्त्याच्या 1831-32 च्या आधाररेषेवर भरपाई पुरती जुळत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि पट्ट्या वरचेवर प्रमाण पट्टीशी ताडून पाहणं सुरू झालं. सिरोंजची 1824-25 ची साखळीने मोजलेली रेषा त्यांनी 1837-38 मध्ये पट्ट्यांनी पुन्हा मोजली. स्वतःच्याच जुन्या मोजणीवर विसंबायचं नाही हा त्यांचा गुण मला फार मोठा वाटतो.

दुसरा बदल गंगेच्या सपाटीतले मनोरे. 30 मैलांवरच्या दोन ठाण्यांना एकमेकांना पाहायचं असेल, तर मधल्या जमिनीचा फुगवटा साधारण 130 फूट आडवा येतो (वक्रीभवन धरून). 50 फुटी दोन मनोऱ्यांवरून जेमतेम 18-19 मैल दिसतं, तेही मध्ये झाडं नसतील तर. म्हणून तिथे त्रिकोण लहान ठेवावे लागले. मनोऱ्याच्या आत यंत्रासाठी वेगळा भरीव खांब असे, आणि निरीक्षकाची फळी त्या खांबाला कुठेही न टेकता बाहेरच्या भिंतींवर. निरीक्षकाने पाय हलवला तरी यंत्र हलता कामा नये.

तिसरा, रात्रीचे दिवे. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा नाचते, लांबचा झेंडा थरथरत्या डागासारखा दिसतो. लॅम्बटनच्या काळी त्यावर उपाय म्हणून पावसाळ्यात काम करत, कारण धुऊन निघालेली हवा स्वच्छ असते. पण त्याच पावसाळ्यात हिवतापाने माणसं पटापट मरत. एव्हरेस्टनाही 1820 मध्ये हिवतापानंतर प्रकृतीसाठी केप ऑफ गुड होपला जावं लागलं. त्यांनी काम हिवाळ्यावर नेलं: दिवसा सूर्यकिरण आरशाने परतवणारे हेलिओट्रोप, रात्री परावर्तक लावलेले दिवे. रात्री वक्रीभवन वाढतं, त्यामुळे दिवसा क्षितिजाआड राहणारा दिवा वर उचलला जातो. आडव्या कोनाला त्याने बाध येत नाही. एकच गोष्ट एका मोजणीत शत्रू आणि दुसरीत मदतनीस.

---

निळावंती

ते दिवे आणि आरसे धरून डोंगरमाथ्यांवर आठवडेच्या आठवडे बसणारे खलाशी (सर्वेक्षण खात्यातले मजूर). त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा इतिहासात नाहीत. तराईत हिवतापाने किती गेले याचा विचार केला की छाती दडपते.

सिकदरांच्या चरित्रातला माझ्या मते सर्वांत तेजस्वी प्रसंग याच माणसांशी जोडलेला आहे. 1843 मध्ये डेहराडूनला मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट यांनी सर्वेक्षण खात्याच्या माणसांना आपलं सामान वाहायला बिगारीला धरलं. सिकदरांनी ते सामान अडवून ठेवलं आणि लेखी परवानगीशिवाय खात्याची माणसं राबवता येणार नाहीत असं ठणकावलं. खटला चालला, त्यांना 200 रुपये दंड झाला. दंड भरला, पण बिगारीचा मुद्दा चव्हाट्यावर आला. हिंदू कॉलेजात डेरोझिओ या बंडखोर विचारांच्या शिक्षकाच्या हाताखाली घडलेला माणूस होता, तो वाकणार नव्हता. पुढे 1854 मध्ये प्यारीचाँद मित्रांबरोबर त्यांनी बायकांना सहज वाचता येईल अशा सोप्या बंगालीतलं 'मासिक पत्रिका' काढलं, त्यामागेही तोच पीळ आहे.

---

दशांश

गणक म्हणजे नेमकं काय करायचा, हेही सांगून ठेवतो, कारण 'गणित केलं' या दोन शब्दांत सगळं उरकलं जातं.

ठाण्यावरून वह्या येत. प्रत्येक कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर, दुर्बीण उलटीसुलटी करून अनेकदा घेतलेला असे, म्हणजे रेघा कोरण्यातल्या चुका सरासरीत मिटतात. गणकाने आधी सरासऱ्या काढायच्या आणि विसंगत वाचन ओळखायचं. मग तीन कोनांची बेरीज. गोल पृथ्वीवर ती 180 अंशांपेक्षा थोडी जास्त हवी: दर 75-76 चौरस मैलांना एक सेकंद. 30 मैल बाजूंच्या त्रिकोणाला हे 5 सेकंद होतं. बेरीज त्याहून कमीजास्त आली तर ती निरीक्षणाची चूक, तिची वाटणी करायची. नंतर या जादा सेकंदांचा (गोलीय आधिक्याचा) एक-एक तृतीयांश प्रत्येक कोनातून काढून त्रिकोण सपाट समजून साइन सूत्र लावायचं. सगळं लॉगॅरिथमच्या कोष्टकांवरून, हाताने. तोच हिशोब दुसरा गणक स्वतंत्रपणे करी आणि मग दोन्ही पानं शेजारी ठेवून ताडत.

सिकदर 1831 च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी खात्यात आले. त्यांना डेप्युटी कलेक्टरची जागा घ्यायची होती तेव्हा एव्हरेस्टनी सोडलं नाही, इतके ते आवश्यक झाले होते. आणि त्यांची बुद्धी शिखराइतकीच एका छोट्या कामात दिसते. 1852 पासून त्यांच्याकडे कलकत्त्याच्या हवामान निरीक्षणांचं कामही आलं. बॅरोमीटरचा पारा उन्हाने फुगतो, म्हणून दाब तोच असला तरी 30 अंश सेल्सिअसला पारा शून्य अंशापेक्षा सुमारे 3.7 मिलिमीटर उंच दिसतो. पितळी मोजपट्टीही थोडी वाढते, ती वजावट यात धरली आहे. सगळी वाचनं 32 अंश फॅरेनहाइटला आणल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही. युरोपातली तयार कोष्टकं हाताशी नसताना सिकदरांनी सूत्र स्वतः मांडलं आणि स्वतःची कोष्टकं तयार केली.

---

पानगळ

विसरल्या गेलेल्या अशा माणसांच्या यादीत सय्यद मीर मोहसीन हुसेन यांचं नाव मी घालतो. अर्काटचे, मूळचे जवाहिर आणि नाजूक यंत्रांचे कारागीर. तेव्हाचे सर्व्हेअर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकर यांनी त्यांना मद्रासहून खात्यात आणलं. खात्यातले यंत्रकार हेन्री बॅरो यांनी खातं सोडल्यावर दुरुस्तीचा सगळा भार त्यांच्यावर आला, आणि 1843 मध्ये ते अधिकृत यंत्रकार झाले. निळावंतींनी वर 2 मायक्रोमीटरचा हिशोब दिला आहे. वर्तुळावरच्या रेघा नव्याने आखणं म्हणजे त्या हिशोबात हात चालवणं.

---

ओळंबा

आणि तिबेटात गुपचूप मोजणी करणारे नैनसिंग. जिथे अर्ध्या टनाचं यंत्र नेता येत नाही तिथे पाऊलच साखळी. जोहार खोऱ्यातल्या मिलमचा शाळामास्तर, सर्वेक्षण अधिकारी टॉमस माँटगोमरी यांनी तयार केलेला. दोन हजार पावलांत एक मैल, म्हणजे पाऊल साडेएकतीस इंचांच्या आसपास, चढ असो की उतार. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी, शंभर पावलांना एक मणी, पूर्ण माळ म्हणजे पाच मैल. टिपणं प्रार्थनाचक्रात. उंची उकळत्या पाण्याच्या तापमानावरून: साधारण 300 मीटरला एक अंश सेल्सिअस उतरतो, ल्हासाला पाणी सुमारे 88 ला उकळतं. दशांश अंश चुकला की 30 मीटर गेले, त्यामुळे या उंचीला त्रिकोणांच्या उंचीची सर नाही. पण तिबेटच्या नकाशावर तोवर काहीच नव्हतं. जानेवारी 1866 मध्ये ते ल्हासाला पोहोचले. 1877 मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. 2004 च्या टपाल तिकिटांवर सिकदर आणि नैनसिंग दोघंही आहेत.

---

पानगळ

मग शेवटी श्रेय कुणाचं म्हणायचं? आणि नावाचं काय?

---

मोजणीदार

नावाचं आधी. नाव वॉ यांनी 1856 मध्ये सुचवलं, एव्हरेस्ट यांनी मागितलं नव्हतं. उलट हे नाव हिंदीत लिहिता येत नाही आणि इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, असा आक्षेप त्यांनी स्वतः नोंदवला. स्थानिक नाव मिळत नाही हा वॉ यांचा मुद्दा नेपाळात राहिलेले ब्रायन हॉजसन यांनी तेव्हाच खोडायचा प्रयत्न केला, देवधुंगा हे नाव पुढे करून. तिबेटी चोमोलुंग्मा तर होतंच. 1865 मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 'माउंट एव्हरेस्ट' पक्कं केलं.

श्रेयाबद्दल: वेध निकल्सन यांचे. शिखरांना रोमन आकडे मायकेल हेनेसी यांनी दिले, त्यातूनच 'शिखर पंधरा'. कोणती पद्धत वापरायची हा निर्णय आणि जबाबदारी वॉ यांची. कलकत्त्याच्या गणनखात्याची धुरा सिकदरांकडे, आणि वक्रीभवनाचा गुंता सोडवण्यात त्यांचा हात. एकाच माणसाच्या नावावर ही उंची टाकणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे, पण सिकदरांना वगळून ती सांगताच येत नाही.

त्यांच्यावर खरा अन्याय झाला तो शिखरापायी नव्हे, पुस्तकापायी. थुलियर आणि स्मिथ या सर्वेक्षण अधिकाऱ्यांच्या 'मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग' या 1851 च्या ग्रंथातला अवघड गणिती भाग सिकदरांच्या मदतीने उभा राहिला, आणि तशी नावानिशी कबुली पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत होती. सिकदर 1862 मध्ये निवृत्त झाले, 17 मे 1870 ला चंदननगरजवळ वारले. 1875 ची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा मजकूर राहिला आणि कबुली गाळली गेली. 1876 मध्ये 'फ्रेंड ऑफ इंडिया' या वृत्तपत्राने त्यावर कडक शब्दांत झोड उठवली. मेलेल्या माणसाची बाजू घेऊन तेव्हा निदान एवढं तरी छापून आलं.